परदेशी व्होल्टेजचा अँप्लिफायर भारतात लावण्याआधी

बरीच वर्षं अमेरिकेत काढून पुण्या-मुंबईला परतणाऱ्या कुटुंबांच्या कंटेनरमध्ये भांडीकुंडी आणि पुस्तकांबरोबर हमखास एक मोठा खोका असतो. रिसीव्हर (रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच डब्यात), सीडी प्लेअर, टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर), सबवूफर (खर्जाचा स्पीकर). अलीकडे जपानमधून सान्सुई, पायोनिअर, लक्समनचे जुने अँप्लिफायर हौसेने मागवणारेही वाढलेत. सामान घरी पोचतं, खोका उघडला जातो आणि पहिली अडचण दिसते ती पिनांची: चपट्या दोन पट्ट्या आपल्या गोल भोकांत जात नाहीत. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात थोडक्या पैशांत मल्टिप्लग मिळतो, पट्ट्या त्यात बसतात, आणि इथेच घात होतो.

मल्टिप्लग फक्त पिनेचा आकार बदलतो. भिंतीतले २३० व्होल्ट तसेच्या तसे आत जातात. अमेरिका आणि कॅनडात घरगुती वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची असते (हर्ट्झ म्हणजे विजेची लाट सेकंदाला किती फेऱ्या मारते तो आकडा). जपानमध्ये ती १०० व्होल्टची. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. म्हणजे यंत्राला जवळजवळ दुप्पट दाब मिळतो.

आत नेमकं काय होतं ते एकदा समजून घ्या. रिसीव्हरमधला ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्ट घेऊन समजा आतल्या भागांना उणे-अधिक ४० व्होल्ट पुरवतो. तिथे बसवलेले मोठे कपॅसिटर (वीज साठवणारे डबे) ५० व्होल्टचे असतात. २३० लावले की त्या जागी ७५ व्होल्टकडे धाव सुरू होते. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा चुंबकत्वाने भरून जातो, करंट एकदम उसळतो. नशीब असेल तर फ्यूज उडतो. नसेल तर ट्रान्सफॉर्मरच्या आत पुरलेला थर्मल फ्यूज जातो किंवा कपॅसिटर फुटतात. बटण ‘ऑफ’ आहे म्हणून यंत्र सुरक्षित आहे असंही समजू नका. रिमोटवर चालणाऱ्या यंत्रात स्टँडबायसाठी एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. प्लग लावल्या क्षणापासून त्याला वीज मिळते, आणि सगळ्यात आधी बळी जातो तोच.

हे टाळणं अजिबात अवघड नाही. इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण लागत नाही. लागतो एक साधा डिजिटल मल्टिमीटर, थोडी चौकशी आणि घाई न करण्याची तयारी.

पायरी १: मागची पाटी वाचा

प्रत्येक यंत्राच्या पाठीवर, वायर जिथून बाहेर येते त्याच्या आसपास, एक पाटी छापलेली असते. अॅडॉप्टरवर चालणारं यंत्र असेल तर ती अॅडॉप्टरवर असते. अक्षरं बारीक असतात, म्हणून मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा आणि तो फोटो जपून ठेवा. पुढे दुकानदार आणि मेकॅनिक दोघंही तोच मागतील.

पाटीवर १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं लिहिलं असेल तर काळजी मिटली. ते यंत्र जगात कुठेही चालतं, फक्त पिन बदला. लॅपटॉपचे चार्जर, ब्लूटूथ स्पीकर, बहुतेक छोटे डॅक (डिजिटल संगीताचं ध्वनीत रूपांतर करणारे डबे) आणि हल्लीची बरीचशी ऑडिओ इंटरफेस या गटात येतात.

नुसतं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ किंवा १०० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असा एकच दाब लिहिला असेल तर ट्रान्सफॉर्मर लागणारच. घरातले मोठे रिसीव्हर, पॉवर अँप, जुने सीडी प्लेअर, सबवूफर बहुधा याच गटात असतात.

तिसरा प्रकार म्हणजे दोन-तीन दाब छापलेले आणि शेजारी सरकवायचा किंवा नाण्याने फिरवायचा सिलेक्टर. सत्तरच्या दशकातल्या जपानी रिसीव्हरांच्या काही आवृत्त्यांना तो असे. परदेशी तळांवरच्या अमेरिकी सैनिकांसाठीच्या दुकानांत अशी यंत्रं विकली जात, कारण घेणारा पुढे कुठल्या देशात जाईल याचा नेम नसे. हा सिलेक्टर प्लग काढलेला असतानाच हलवायचा, आणि त्याच वेळी फ्यूजकडे लक्ष द्यायचं. २३० व्होल्टवर यंत्र तेवढ्याच कामासाठी साधारण निम्मा करंट घेतं, म्हणून १२० साठी ४ अँपिअरचा फ्यूज असेल तर २३० साठी २ अँपिअरचा हवा. बहुतेक वेळा दोन्ही आकडे पाटीवरच दिलेले असतात. जुना मोठा फ्यूज तसाच ठेवला तर यंत्र चालेल, पण बिघाडाच्या वेळी तो वेळेवर उडणार नाही.

पाटी वाचताना वॉटचा आकडाही टिपून ठेवा. ट्रान्सफॉर्मर त्यावरूनच ठरतो.

अजून परदेशातच असाल तर हीच पायरी खोका भरण्याआधी करा. साध्या, म्हणजे आत अँप्लिफायर नसलेल्या स्पीकरना भिंतीतली वीज लागतच नाही. ते बिनधास्त आणा. चांगले स्पीकर इथे महाग पडतात, त्यामुळे जागा त्यांना द्या. १२० व्होल्टचा जडशीळ सबवूफर किंवा दहा वर्षं जुना एव्ही रिसीव्हर मात्र तिथेच विकलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्यासाठी घ्यावा लागणारा ट्रान्सफॉर्मर, जागा आणि कायमची सावधगिरी यांचा हिशेब केला तर ते परवडत नाही. वडिलांनी घेतलेला अँप किंवा स्वतःच्या पहिल्या पगारातलं टर्नटेबल असेल तर प्रश्न वेगळा. अशा वस्तूंसाठीच पुढचा सगळा खटाटोप आहे.

दुबई, मस्कत, दोहा किंवा लंडनहून येणाऱ्यांचं काम सोपं. तिथला दाब आपल्यासारखाच आणि हर्ट्झही ५०. फक्त तीन चपट्या पिनांचा ब्रिटिश प्लग बदलावा लागतो. त्या प्लगच्या पोटात छोटा फ्यूज असतो. प्लग कापून इथला थ्री-पिन टॉप लावला की तो फ्यूज गेला. त्यामुळे वायर सुटी होणारी असेल तर कापाकापी न करता इथली नवी कॉर्डच घ्या. सौदीतून येणाऱ्यांनी मात्र पाटी नीट बघावी, कारण तिथे वीज ६० हर्ट्झची आहे.

पायरी २: योग्य ट्रान्सफॉर्मर घ्या

बाजारात तीन वेगवेगळ्या वस्तू ‘कन्व्हर्टर’ या एकाच नावाने विकल्या जातात.

पहिली वस्तू प्रवासाची. मुठीत मावते, वजन पाव किलो आणि वर लिहिलेलं असतं १६०० किंवा २००० वॉट. ती हेअर ड्रायर आणि इस्त्रीसाठी असते. आत ट्रान्सफॉर्मर नसतोच, इलेक्ट्रॉनिक स्विच विजेच्या लाटेचे तुकडे पाडतो. तापणाऱ्या तारेला त्याने फरक पडत नाही, पण अँप्लिफायर, सीडी प्लेअर यांचा त्याने सत्यानाश होतो. ही वस्तू ऑडिओच्या आसपासही फिरकू देऊ नका. ओळखायची खूण म्हणजे वजन. ५०० व्हीएचा (व्हीए म्हणजे व्होल्ट-अँपिअर, ढोबळमानाने वॉटच) खरा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर सहज पाच-सात किलोंचा भरतो.

दुसरी वस्तू ऑटो ट्रान्सफॉर्मर. एकच वाइंडिंग (तारेचं वेटोळं), त्याच्या मधूनच ११० व्होल्ट बाहेर काढलेले. हलका आणि स्वस्त. दाब बरोबर देतो, पण भिंतीतली वीज आणि तुमचं यंत्र यांच्यात पडदा ठेवत नाही. आपल्याकडे दोन पिनांचा प्लग उलटसुलट कसाही बसतो. उलटा बसला तर यंत्राकडे जाणाऱ्या दोन तारांपैकी एक जमिनीच्या तुलनेत २३० वर आणि दुसरी १२० वर राहते. दोघींमधला फरक ११०, म्हणून यंत्र सुरळीत चालतं, पण जुन्या यंत्राच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. त्याहून वाईट म्हणजे वाइंडिंगचा सामायिक भाग कधी तुटला, तर २३० कडचा दाब थेट यंत्रात शिरू शकतो.

तिसरी वस्तू आयसोलेशन स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर. दोन स्वतंत्र वाइंडिंग, मध्ये फक्त चुंबकत्व. महाग आणि जड, पण ऑडिओसाठी मी हाच घ्या असं सांगेन. जुना अमेरिकी व्हॉल्व्ह रेडिओ (काचेच्या नळ्यांवर चालणारा) असेल तर दुसरा पर्यायच नाही. त्या काळच्या पाच व्हॉल्व्हच्या टेबल रेडिओंमध्ये चेसिस, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, थेट विजेच्या तारेला जोडलेली असे.

दुकानदार ‘आयसोलेशनच आहे साहेब’ म्हणाला तरी तपासा. ट्रान्सफॉर्मर भिंतीपासून सुटा असताना मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं आतून जोडलेली आहेत का ते सांगणाऱ्या सेटिंगवर) ठेवा. एक टोक इनपुटच्या फेज किंवा न्यूट्रल पिनेला, दुसरं आउटपुटच्या चपट्या भोकात. सगळ्या जोड्या लावून बघा. कुठेही बीप वाजला किंवा थोडेच ओहम दिसले तर तो ऑटो आहे. सगळीकडे मीटर उघडा राहिला, म्हणजे कुठेच जोडणी दिसली नाही, तर आयसोलेशन. अर्थची पिन मात्र इनपुटपासून आउटपुटपर्यंत जोडलेली हवी, तिथे बीप यायलाच पाहिजे. स्वस्त डब्यांत अर्थचं भोक नुसतं शोभेला असतं, मागे तारच नसते.

आता आकार. पाटीवरचे वॉट घ्या आणि किमान दीडपट, शक्यतो दुप्पट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर निवडा. रिसीव्हर २४० वॉट आणि सीडी प्लेअर १५ वॉट असे दोन्ही एकावर चालवायचे असतील तर ५०० व्हीए. अँप चालू होताना कपॅसिटर भरण्यासाठी क्षणभर मोठा करंट ओढतो, मोठ्या आवाजात तबल्याच्या थापेलाही मागणी उसळते. लहान ट्रान्सफॉर्मर तिथे दमतो, तापतो आणि गुणगुणतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चौकशी केली तर तयार मिळतात किंवा वाइंडिंगवाल्याचा पत्ता मिळतो. स्वतः बनवून घेणं हा उत्तम मार्ग आहे. सांगताना चार गोष्टी ठासून सांगा: कॉपर वाइंडिंग हवं, अल्युमिनियम नको. प्रायमरी, म्हणजे भिंतीकडची बाजू, २३० ची. आयसोलेशन. आणि आउटपुटवर स्वतंत्र फ्यूज. आउटपुटचा दाब यंत्रानुसार ठरवा. अमेरिकी यंत्राला ११० ते १२० मधलं काहीही चालतं. जपानी १०० व्होल्टच्या यंत्राला मात्र १००च हवेत. ११० च्या ट्रान्सफॉर्मरवर ते बरीच वर्षं चाललेलं दिसेलही, पण विनाकारण तापत राहतं.

आपल्याकडे भिंतीतला दाब स्थिर नसतो हेही हिशेबात धरा. ट्रान्सफॉर्मर फक्त प्रमाण राखतो. २३० ला ११० देणारा ट्रान्सफॉर्मर रात्री उशिरा २५० आले की जवळपास १२० देतो आणि संध्याकाळी २०० वर उतरले की ९६. अमेरिकी यंत्राला एवढं चालून जातं. १०० व्होल्टच्या यंत्राला २५० च्या वेळी १०९ मिळतील, ते बरं नाही. व्होल्टेज फार वरखाली होणाऱ्या भागात राहत असाल तर ट्रान्सफॉर्मरच्या आधी, २३० च्या बाजूला, चांगला स्टॅबिलायझर बसवा.

काही मेकॅनिक डिमरस्टॅट (नॉब फिरवून दाब कमीजास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) वापरायचा सल्ला देतात. दुरुस्तीच्या टेबलावर तो फार उपयोगी, दिवाणखान्यात अजिबात नको. तोही ऑटो ट्रान्सफॉर्मरच आहे, आणि साफसफाई करताना नॉब फिरला की संपलं.

पायरी ३: हर्ट्झचा विचार करा

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. अमेरिकी ६० च्या जागी आपले ५० च येणार. ‘५०/६०’ लिहिलेल्या यंत्राला याचं काही वाटत नाही. फक्त ६० लिहिलेलं असेल तर दोन ठिकाणी अडतं.

एक म्हणजे यंत्राच्या आतला ट्रान्सफॉर्मर. ५० हर्ट्झवर लाटेची प्रत्येक अर्धी फेरी जास्त वेळ चालते, त्यामुळे तेवढ्याच दाबाला गाभ्यातलं चुंबकत्व २० टक्के जास्त चढतं. काटकसरीने बनवलेला गाभा मग भरून जातो, गरम होतो, घुमतो. उपाय सोपा आहे: दाब थोडा कमी द्या. १२० व्होल्टला ६० हर्ट्झवर जेवढं चुंबकत्व, तेवढंच १०० व्होल्टला ५० हर्ट्झवर. म्हणून अशा यंत्राला १२० ऐवजी ११० किंवा १०५ देणं चांगलं. अँपची ताकद थोडी कमी होईल, ऐकताना कळणारही नाही.

दुसरी गोष्ट मोटरची, आणि इथे रेकॉर्डप्रेमींनी थांबून वाचावं. बेल्टवर चालणाऱ्या अनेक टर्नटेबलांची एसी सिंक्रोनस मोटर विजेच्या हर्ट्झनुसारच फिरते. ६० चं टर्नटेबल ५० वर लावलं की मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी २७.८ होतात. सूर हार्मोनियमच्या (काळ्या-पांढऱ्या मिळून) तीन पट्ट्यांहून किंचित अधिक खाली जातो. काळी चारमध्ये गायलेलं गाणं पांढरी चारच्याही जरा खाली ऐकू येईल, लय रेंगाळेल. यंत्राचं नुकसान काही होत नाही, पण ऐकण्यात राम राहत नाही.

याला खरा उपाय म्हणजे मोटरच्या दांड्यावरची पुली बदलणं. ५० हर्ट्झची पुली २० टक्के मोठ्या व्यासाची असते. थोरन्स, गॅरार्ड, ड्युअल अशा जुन्या नावाजलेल्या टर्नटेबलांसाठी दोन्ही प्रकारच्या पुली बनत आणि आजही त्या वेगळ्या मिळतात. दुसरा उपाय स्पीड कंट्रोलरचा: तो स्वतःच शुद्ध ६० हर्ट्झ तयार करून मोटरला देतो. डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबलांना, उदाहरणार्थ टेक्निक्सच्या १२०० मालिकेला, हा त्रास नाही. त्यांचा वेग आतलं इलेक्ट्रॉनिक्स ठरवतं, त्यांना फक्त व्होल्ट बरोबर हवेत. डीसी मोटरच्या बेल्ट टर्नटेबलांचंही तसंच, आणि ती सहसा अॅडॉप्टरवर चालतात.

वेग तपासायला स्ट्रोब तबकडी (वेग बरोबर असला की जिच्या रेघा दिव्याखाली स्थिर दिसतात) वापरत असाल तर ओळ बरोबर निवडा. ३३⅓ साठी ६० हर्ट्झच्या ओळीत २१६ रेघा असतात, ५० च्या ओळीत १८०. आपल्याकडे १८० वाली बघायची, आणि तीही निऑन इंडिकेटरच्या उजेडात. बहुतेक एलईडी दिव्यांत रेघा नीट स्थिर दिसत नाहीत.

स्पूल टेप डेकमध्येही एसी मोटर असू शकते. काहींच्या मागे ५०/६० चा स्विच असतो, काहींना पुली बदलावी लागते. नंतरच्या काळातले कॅसेट डेक बहुधा डीसी मोटरचे, त्यांना अडचण नाही. सीडी प्लेअरला मुळीच नाही.

जपानचं एक वैशिष्ट्य इथे कामाचं आहे. तोक्योच्या बाजूला ५० हर्ट्झ आणि ओसाकाच्या बाजूला ६०, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका शहराने जर्मन जनरेटर घेतले आणि दुसऱ्याने अमेरिकन. ती विभागणी आजही कायम आहे. त्यामुळे जपानी यंत्रं बहुतेक दोन्ही हर्ट्झची असतात आणि टर्नटेबलाबरोबर कधी कधी दोन पुल्याही मिळतात. जुनं टर्नटेबल घेताना दुसरी पुली आहे का ते विक्रेत्याला आवर्जून विचारा.

पायरी ४: अॅडॉप्टर बदलून भागतं का बघा

भिंतीत लावायचा काळा जड ठोकळा १२० व्होल्टचा असेल तर त्याच्यासाठी मोठा ट्रान्सफॉर्मर घेत बसू नका. त्या ठोकळ्याचं आउटपुट वाचा आणि तसाच २३० चा इथे घ्या. चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. आउटपुटचे व्होल्ट तेवढेच. अँपिअर तेवढे किंवा जास्त. पिनेच्या मध्ये अधिक आहे की उणे. आणि आउटपुट एसी आहे की डीसी. शेवटची गोष्ट लोक विसरतात. काही मिक्सर, फोनो प्रीअँप आणि टर्नटेबलांना ९, १२ किंवा १६ व्होल्ट एसी लागतात. त्यांना डीसी अॅडॉप्टर चालत नाही.

पायरी ५: अर्थिंग

अमेरिकी यंत्राला तीन पिना असतील तर तिसरी पिन कामाची आहे. ती कापू नका, दोन पिनांच्या मल्टिप्लगात कोंबू नका. स्पीकरमधून घुं असा आवाज येतो म्हणून अर्थ तोडून देणारे मेकॅनिक आजही भेटतात. आवाज जातो खरा, पण पुढे आत काही सुटलं तर पत्र्यात वीज उतरते. घुं आवाजाचं कारण बहुतेक वेळा केबल टीव्हीची वायर असते. ती काढून बघा, आवाज गेला तर तिथे आयसोलेटर लावा. टर्नटेबलची बारीक अर्थ वायर अँपच्या मागच्या ‘जीएनडी’ स्क्रूलाच लावायची, भिंतीतल्या अर्थला नाही.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे अर्थ नसतो. फेज आणि अर्थ यांच्यात साधारण २३० आणि न्यूट्रल-अर्थमध्ये जेमतेम दोन-चार व्होल्ट दिसायला हवेत. हे मोजमाप वायरमनकडून करून घ्या. अर्थ नसेल तर ते काम आधी, संगीत नंतर.

पायरी ६: पहिल्यांदा चालू करताना

आधी रिकामा ट्रान्सफॉर्मर लावून आउटपुट मोजा. भार नसताना ११० च्या जागी ११५-११८ दिसणं ठीक आहे. २३० दिसले तर लगेच बंद करा, जोडणी चुकली आहे.

यंत्र बरीच वर्षं पडून असेल तर थेट लावू नका. मेकॅनिककडे सिरीज बोर्ड असतो: ६० किंवा १०० वॉटचा साधा बल्ब यंत्राच्या वाटेत जोडलेला. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर आत शॉर्ट नाही. प्रखर पेटून राहिला तर आत बिघाड आहे, आणि बल्बने करंट अडवल्यामुळे यंत्र वाचलं. सिरीजवर लावताना स्पीकर काढून ठेवा.

सगळं ठीक असेल तर आवाज शून्यावर ठेवून अर्धा तास नुसतं चालू ठेवा. मध्ये मध्ये ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवा. कोमट चालतं, हात ठेववत नसेल तर आकार कमी पडतोय. चालू करताना आधी ट्रान्सफॉर्मर, मग प्लेअर, शेवटी अँप. बंद करताना उलट. काम झालं की भिंतीवरचं बटणही बंद करा, नाहीतर रिकामा ट्रान्सफॉर्मर रात्रभर वीज खातो आणि तापतो.

ट्रान्सफॉर्मर टर्नटेबलपासून हातभर तरी लांब ठेवा, नाहीतर कार्ट्रिज (सुईचा भाग) त्याची घुमघुम पकडतं. बंद कपाटात नको. इन्व्हर्टरच्या लाइनवरही नको: बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरची लाट चौकोनी असते, त्यावर ट्रान्सफॉर्मर कण्हत राहतात. वळवाच्या पावसात ढग गडगडू लागले की प्लग काढून ठेवा.

पायरी ७: चूक होऊच शकणार नाही अशी मांडणी करा

बहुतेक यंत्रं जळतात ती मालकाच्या हातून नाही. मालक बाहेरगावी असतो, घरात पाहुणे असतात, कुणीतरी चांगल्या मनाने टेबल हलवतं आणि प्लग जवळच्या बोर्डात लावतं. म्हणून माझा आग्रह असा की ११० ची यंत्रं घरातल्या सॉकेटात बसूच नयेत. अमेरिकी पिना तशाच ठेवा, इथला टॉप कापून लावू नका. घरातले सगळे मल्टिप्लग त्या खोलीतून हलवा. आपली काही सॉकेटं चपट्या पट्ट्याही घेतात, ती जवळ असतील तर बदलून घ्या.

सुटी कॉर्ड असलेल्या यंत्रांचा धोका मोठा. अँपच्या मागचं तीन पिनांचं सॉकेट अगदी डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या कॉर्डसारखं असतं, आणि ती कॉर्ड प्रत्येक घरात असते. अशा यंत्राच्या सॉकेटशेजारीच लाल चिकटपट्टीवर ठळक लिहा: ‘११० व्होल्ट. भिंतीत थेट लावू नये.’ मराठीत लिहा, घरातल्या सगळ्यांना आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही वाचता आलं पाहिजे.

अमेरिकेतून आणलेला स्पाइक गार्डचा बोर्ड २३० वर कधीही लावू नका. त्याच्या आतले संरक्षक भाग १२० व्होल्टसाठी निवडलेले असतात. २३० लागले की ते सतत करंट वाहू देतात आणि पेट घेऊ शकतात. नुसत्या पिना मिळतायत म्हणून तो वापरला जातो, आणि आगीचं हे एक खरं कारण आहे. ट्रान्सफॉर्मरच्या ११० च्या बाजूला तो चालतो.

रेडिओबद्दल थोडं

व्होल्ट जमले तरी अमेरिकी डिजिटल ट्यूनरवर आपली काही स्टेशनं लागत नाहीत. तिथे एफएमचे आकडे विषम दशांशांवरच थांबतात, त्यामुळे ९८.३ किंवा ९१.१ मिळतं पण पुण्याची विविध भारती १०१ वर असल्याने तिच्यावर काटा नीट बसत नाही. मध्यम लहरींवर तिथे १० किलोहर्ट्झच्या उड्या, आपल्याकडे ९ च्या. पुणे केंद्राच्या ७९२ ला तो ट्यूनर ७९० वर थांबतो. काही रिसीव्हरांच्या मागे ९/१० असा स्विच असतो, तो ९ वर करा. जुन्या जपानी ट्यूनरचा एफएम पट्टा ७६ पासून सुरू होऊन आपली बहुतेक स्टेशनं सुरू व्हायच्या आतच संपतो. हाताने काटा फिरवायच्या जुन्या अमेरिकी रिसीव्हरला यातलं काहीच अडत नाही.

चुकून २३० लागलेच तर

भिंतीचं बटण बंद करा, प्लग काढा, खिडकी उघडा. वास किंवा धूर असेल तर यंत्र मोकळ्या जागी ठेवा. पाणी टाकू नका. फ्यूज उडाला असेल तर त्या जागी तार बांधू नका आणि नवा फ्यूज घालून ‘बघू’ म्हणून परत लावू नका. पहिल्या झटक्यात वाचलेले भाग दुसऱ्यात जातात. झाकण स्वतः उघडू नका, बंद यंत्राच्या कपॅसिटरमध्येही वीज साठून राहते, आणि व्हॉल्व्ह अँपमध्ये ती शेकडो व्होल्टची असते. मेकॅनिककडे नेताना काय झालं ते खरं सांगा: किती वेळ लागलेलं होतं, बटण चालू होतं की स्टँडबाय, आवाज आला की नुसता वास. नुसता स्टँडबायचा ट्रान्सफॉर्मर गेला असेल तर दुरुस्ती सोपी असते. मुख्य ट्रान्सफॉर्मर गेला असेल तर रिवाइंडिंग होतं, आणि करायचंच आहे तर २३० ची प्रायमरी घालून घ्या. मग बाहेरच्या डब्याची गरजच राहत नाही.

इथून तिकडे नेताना

शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत जाणाऱ्यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा, तबला मशीन किंवा छोटा अँप न्यायचा असेल तर पुन्हा पाटीपासूनच सुरुवात करायची. रुंद इनपुटचा अॅडॉप्टर असेल तर प्रश्न नाही. फक्त २३० चा असेल तर तिथे लावल्याने सहसा जळत नाही, पण चालतही नाही किंवा मिणमिणतं चालतं. तिथेच त्या आउटपुटचा १२० चा अॅडॉप्टर घेणं सगळ्यात स्वस्त. मोठं यंत्र असेल तर स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर, वर सांगितलेल्याच नियमांनी निवडलेला. तिथल्या घरांत कपडे वाळवायच्या यंत्रासाठी २४० व्होल्टचं मोठं सॉकेट असतं, त्यातून जुगाड करून वायर ओढायचा मोह टाळा. त्या सॉकेटमागचं ब्रेकर ३० अँपिअरचं असतं, तुमच्या अँपची बारीक वायर वितळली तरी ते पडणार नाही.